पवनचक्कीच्या पोटातले तेल : शंका-समाधान

गेल्या दोन महिन्यांत पवनचक्क्यांमधल्या हायड्रॉलिक यंत्रणेविषयी बरीच पत्रे आली. एरवी ती आली त्या क्रमाने घेतो. या वेळी धुळ्याहून आलेले पत्र सगळ्यांच्या आधी घेत आहे, कारण बाकीच्या शंका थांबू शकतात, ती थांबू शकत नाही.

माझा मुलगा साक्री तालुक्यात पवनचक्कीच्या देखभालीचं काम करतो. वर ब्रेकच्या तेलाची नळी गळते का ते हाताने चाचपून बघत होता, तेव्हा बोटाला सुई टोचल्यासारखं झालं म्हणाला. रक्ताचा एक ठिपका, बाकी काही नाही. दुसऱ्या दिवशी बोट जरा सुजलं. तो म्हणतो, "आई, काही होत नाही, हळद लाव." मला रात्रभर झोप नाही. मी उगाच घाबरते का?
— एक आई, धुळे जिल्हा

ताई, तुमची भीती उगाच नाही. पत्र हाती पडले त्याच दिवशी फोनवर तुम्हाला जे सांगितले, तेच इथे छापत आहे, कारण ही जखम दिसते साधी आणि असते गंभीर. नळीला केसाएवढे छिद्र पडले की आतले तेल सुईसारखे बाहेर येते. कातडी भेदायला त्याला शंभर बार (वातावरणाच्या दाबाच्या साधारण शंभरपट) दाबही लागत नाही. त्याच्या कितीतरी खालीही ते आत शिरते. आत गेलेले तेल स्नायुबंधाच्या आवरणातून सरकत तळहातापर्यंत पोचते. सुरुवातीला दुखत नाही. काही तासांनी सूज येते, रक्तपुरवठा अडतो, आणि उपचार लांबले तर बोट गमवावे लागू शकते.

म्हणून अशी इजा झाली की त्याच घटकेला शल्यचिकित्सक (सर्जन) असलेल्या रुग्णालयात जावे. एक-दोन दिवस उलटले असतील तरीही जावे. "उच्च दाबाचे तेल बोटात शिरले आहे" हे वाक्य तिथे स्पष्ट सांगावे आणि तेलाच्या डब्यावरच्या नावाचा फोटो जवळ ठेवावा. मलमपट्टी करून परत पाठवू लागले तर सर्जननेच बघावे असा आग्रह धरा; यात संकोच नको. बोट दाबू नये, चोळू नये, शेकू नये. हात उंच धरावा. शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता असते, म्हणून डॉक्टरांनी पाहीपर्यंत काही खाऊ-पिऊ नये. मुलाला एवढे जरूर सांगा: गळती हाताने कधी शोधायची नाही, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवायचा. आणि पंप बंद केला म्हणजे दाब गेला असे मानायचे नाही. ॲक्युम्युलेटर (नायट्रोजनच्या जोरावर दाब साठवून ठेवणारी बाटली) पंप थांबल्यावरही भरलेलाच असतो. तो रिकामा करून दाबमापकाचा काटा शून्यावर आलेला डोळ्यांनी पाहायचा, मगच नळीला पाना लावायचा.

आम्ही चौघींनी अंतिम वर्षाचा प्रकल्प म्हणून पवनचक्कीसाठी गिअरबॉक्सऐवजी हायड्रॉलिक प्रेषण (तेलातून शक्ती पोचवणारी यंत्रणा) निवडलं. सादरीकरणात बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "गिअरबॉक्स सत्त्याण्णव टक्के शक्ती पोचवतो, तुमचं तेल पंच्याऐंशी. ही बारा टक्के वीज कोणाच्या खिशातून देणार?" आम्ही गप्प. आता विषय बदलायलाही वेळ नाही. आमचं वर्ष वाया गेलं का?
— एक विद्यार्थिनी, कराड

नाही गेले. परीक्षकांचे आकडे बरोबर आहेत, प्रश्न मात्र अर्धा आहे. उरलेला अर्धा तुम्ही भरून काढलात, तर हाच प्रकल्प तुमच्या वर्गात उठून दिसेल. थोडे सविस्तर सांगतो.

२ मेगावॅटची, नव्वद मीटर व्यासाच्या पात्यांची चक्की घ्या. पात्यांच्या टोकाचा वेग वाऱ्याच्या सात-आठपट असला की तीन पात्यांचे चक्र वाऱ्यातून सर्वांत जास्त शक्ती काढते. वारा सेकंदाला ६ मीटर असेल तर त्यासाठी मिनिटाला सुमारे १० फेरे हवेत. वारा ९ मीटर झाला की १५. जनरेटर थेट आपल्या ५० हर्ट्झच्या वीजजाळ्याला जोडायचा तर त्याला मात्र १५०० फेऱ्यांवर ठाम राहावे लागते. एका टोकाला दर क्षणी बदलणारा वेग आणि दुसऱ्या टोकाला न हलणारा, यांच्यामध्ये जो भांडण सोडवतो तो म्हणजे चलवेगी (गुणोत्तर सतत बदलू शकणारे) प्रेषण. दात्यांचा गिअरबॉक्स हे भांडण सोडवत नाही. त्याचे गुणोत्तर एकदा कापले की कापले. आजच्या चक्क्यांमध्ये ते काम गिअरबॉक्सनंतरचा कन्व्हर्टर (विजेची वारंवारता बदलून देणारा इलेक्ट्रॉनिक संच) करतो. म्हणजे तुमच्या तेलाची तुलना नुसत्या गिअरबॉक्सशी करायची नाही, गिअरबॉक्स आणि कन्व्हर्टर या जोडीशी करायची. सगळी वीज कन्व्हर्टरमधून जात असेल तर तिथे आणखी दोन-तीन टक्के जातात. दरी बारा टक्क्यांची राहत नाही, नऊ-दहाची होते. ती शून्य होत नाही, आणि ती शून्य आहे असे दाखवायचा मोह टाळा.

आता तुमची यंत्रणा किती मोठी लागेल ते पाहा. हे गणित पाठ्यपुस्तकात सहसा सापडत नाही. २ मेगावॅट शक्ती आणि १६ फेरे म्हणजे मुख्य दांड्यावर सुमारे १२ लाख न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवणारा जोर) येतो. ३०० बार दाबावर तो पेलायचा तर दांड्यावरच्या पंपाने एका फेऱ्यात अडीचशे लिटर तेल ढकलले पाहिजे. मिनिटाला चार हजार लिटर! उन्हाळ्यात गावात येणारा दहा हजार लिटरचा टँकर अडीच मिनिटांत रिकामा होईल एवढा हा प्रवाह आहे. पलीकडे जनरेटर फिरवणाऱ्या १५०० फेऱ्यांच्या मोटरला एका फेऱ्यात फक्त २.७ लिटर घ्यायचे असतात. अडीचशे आणि २.७ यांचा भागाकार हेच तुमचे गुणोत्तर. मोटर एका फेऱ्यात घेते ते तेल कमी-जास्त करता आले की गुणोत्तर चालता चालता बदलते, दाते न बदलता.

आणि इथेच खरा प्रश्न येतो. वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाने वाढते. म्हणून चक्की वर्षातला फार थोडा काळ पूर्ण क्षमतेवर असते. महाराष्ट्रात तर वर्षाची सरासरी बहुतेक ठिकाणी पूर्ण क्षमतेच्या पाव भागाच्या आसपास किंवा त्याहूनही खाली भरते, आणि तीही बरीचशी पावसाळ्याच्या चार महिन्यांत. दांडा १० फेऱ्यांवर असताना शक्ती एक चतुर्थांश उरते आणि तेलाचा दाब ३०० वरून ११७ बारवर येतो. मोटरमधले घर्षण आणि तेल घुसळण्यात जाणारी शक्ती मात्र त्या प्रमाणात घटत नाही. पंच्याऐंशी टक्के हा पूर्ण भाराचा आकडा झाला. रोजच्या मंद वाऱ्यात साधी मोटर त्याच्याही खाली जाते. परीक्षकांनी तुम्हाला सोपा प्रश्न विचारला होता. अवघड प्रश्न हा आहे.

त्याला उत्तर आहे. एक मोठी मोटर घेऊ नका, चार-पाच लहान घ्या आणि वारा पडला की त्यातल्या दोन-तीन पूर्ण वेगळ्या करा. उरलेल्या मग आपल्या पूर्ण क्षमतेजवळ काम करतात, जिथे त्या सर्वांत चोख असतात. जर्मनीत आखेनच्या तंत्र विद्यापीठात १ मेगावॅटच्या चाचणी-मंचावर याच विचाराने पंप आणि मोटर गरजेप्रमाणे जोडून-सोडून पाहिले गेले. दुसरा मार्ग शक्ती विभागण्याचा आहे. जर्मनीच्या फॉइथ कंपनीच्या विनड्राइव्हमध्ये बहुतेक शक्ती दात्यांमधून जाते आणि वेग जुळवण्यापुरताच थोडा भाग तेलातून वळवला जातो. डीविंडच्या २ मेगावॅटच्या चक्कीत ही यंत्रणा बसवली होती. तिचा जनरेटर कन्व्हर्टरशिवाय थेट जाळ्याला जोडलेला होता. मला हा मार्ग अतिशय देखणा वाटतो. जे दाते चांगले करतात ते दात्यांना, जे तेल चांगले करते ते तेलाला.

तेव्हा विषय बदलू नका, तक्ता बदला. पूर्ण भाराच्या कार्यक्षमतेची एक ओळ खोडा. तिच्या जागी तुमच्या भागातला वारा वर्षातले किती तास किती वेगाने वाहतो ते मांडा, प्रत्येक वेगाला दोन्ही यंत्रणा किती युनिट देतात ते लिहा आणि बेरीज करा. मग दुरुस्तीचा रकाना जोडा. गिअरबॉक्सचे मोठे बिघाड बहुतेक वेळा बेअरिंगपासून सुरू होतात आणि गिअरबॉक्स उतरवायचा तर घाटरस्त्याने मोठी क्रेन वर न्यावी लागते, तीही बहुधा जुलैत, जेव्हा वारा आणि पाऊस दोन्ही भरात असतात. लहान हायड्रॉलिक मोटर मात्र वरच्याच छोट्या यारीने खाली सोडता येते. बेरजेत कदाचित गिअरबॉक्सच जिंकेल. तसे झाले तर तसेच लिहा. किती फरकाने आणि कोणत्या वाऱ्यात जिंकतो, हे सांगणारा प्रकल्प अपयशी नसतो.

आमचं छोटं वर्कशॉप आहे. एका संशोधन प्रकल्पासाठी आम्ही असा विचार केला की पंप फक्त वर ठेवायचा, मोटर आणि जनरेटर खाली जमिनीवर. वरचं वजन निम्मं होईल. पण सल्लागार म्हणाले, "पाइप फुटतील, तेल पेटेल." ऑर्डर हातची जाईल की काय अशी भीती वाटते आहे. कल्पनाच चुकीची आहे का?
— एक लघुउद्योजक, भोसरी

कल्पना चुकीची नाही, जुनी आहे, आणि ती पाहणाऱ्या प्रत्येकाला पहिल्यांदा तितकीच मोहक वाटते. अडचण खाली जाणाऱ्या नळीत कमी आहे, परत येणाऱ्या नळीत जास्त. मनोरा ऐंशी मीटरचा असेल तर तेलाच्या नुसत्या उंचीचा दाब सुमारे ७ बार होतो. म्हणजे खालून परत पाठवताना प्रत्येक थेंब सात बार आणि वर नळीतल्या घर्षणाइतका दाब लावून चढवावा लागतो. तो कमी पडला तर वरच्या पंपाच्या तोंडाशी तेल तुटते, त्यात बुडबुडे होतात आणि ते फुटताना धातूचे कण उडवतात. याला पोकळीभवन म्हणतात. पंपातून खडे फिरल्यासारखा आवाज येतो. ज्याने एकदा ऐकला तो विसरत नाही. त्यासाठी भरण-पंप (मुख्य पंपाला तेल पुरवत ठेवणारा छोटा पंप) स्वतंत्र हवा आणि त्याची वीज हिशेबात धरायला हवी.

दुसरी गोष्ट तेलाच्या लवचिकपणाची. तेल दबत नाही असे आपण शिकतो, पण ३०० बारला ते जवळपास दोन टक्के दबते. ऐंशी मीटरचा तेलाचा स्तंभ हा एक लांब स्प्रिंग आहे. चक्राचे प्रचंड जडत्व एका टोकाला आणि हा स्प्रिंग मध्ये, म्हणजे झुळूक आली की दाब हेलकावे खाणार. तेलात हवा मिसळली तर स्प्रिंग आणखी मऊ होतो. नियंत्रण-प्रणालीचे गणित हा हेलकावा धरूनच करा, नंतर ठिगळ लावू नका. शिवाय वरची यंत्रखोली वाऱ्याबरोबर वळते, त्यामुळे नळ्यांना फिरता सांधा लागतो. ३०० बारवर न गळणारा फिरता सांधा हे अख्ख्या रचनेतले सर्वांत नाजूक ठिकाण ठरेल. पहिल्या नमुन्यात मी असतो तर पंप आणि मोटर दोन्ही वर, हातभर अंतरावर ठेवले असते.

पेटण्याविषयी: टाकीतले तेल सहज पेटत नाही. बारीक छिद्रातून तुषार होऊन उडालेले तेल मात्र तापलेल्या ब्रेकवर पडले तर पेटू शकते. म्हणून ब्रेक आणि दाबाच्या नळ्या यांच्यामध्ये पत्र्याचा आडोसा आणि गरज पडल्यास आगरोधक द्रव, या गोष्टी आराखड्यातच हव्यात. उष्णतेचे साधे गणितही करून ठेवा. २ मेगावॅटमधले पंधरा टक्के म्हणजे ३०० किलोवॅट. घरातले दोन किलोवॅटचे १५० गिझर एकदम चालू केल्यासारखे. ही उष्णता बाहेर टाकणारा कूलर लहान निवडला की तेल पातळ होते, गळती वाढते, गळतीने आणखी उष्णता होते. दाबपात्रे, ॲक्युम्युलेटर आणि अग्निसुरक्षा यांचा आराखडा मात्र त्या विषयातल्या पात्र अभियंत्याकडून तपासून, सही घेऊनच पुढे जा. ॲक्युम्युलेटरमध्ये फक्त नायट्रोजन. ऑक्सिजन किंवा हवा कधीही नाही, एकदाही नाही; तेलाशी त्याचा स्फोट होतो.

आमच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. एका मनोऱ्यावर वरपासून खालपर्यंत काळे ओघळ आलेत. आता म्हणतात, तेलावर चालणाऱ्या नव्या चक्क्या येणार. ते तेल मुरून आमच्या झऱ्यात उतरलं तर गुरं काय पिणार? आधीच चक्क्यांनी पाऊस पळवला असं जुनी माणसं म्हणतात.
— एक शेतकरी, सातारा जिल्हा

आधी पावसाचे, कारण ते लवकर संपते. पवनचक्की जमिनीलगतच्या शे-दीडशे मीटरच्या थरातली थोडी शक्ती घेते. पावसाचे ढग त्याच्या कितीतरी वर असतात आणि त्यांची वाफ समुद्रावरून येते. पाती त्यांना अडवत नाहीत आणि पळवतही नाहीत. ही समजूत मी पठारावर पुष्कळदा ऐकली आहे. दुष्काळी वर्षात समोर नवे काही उभे असले की मन तिकडे जाते, त्यात कोणाचा दोष नाही.

तेलाचे मात्र तुम्ही योग्य विचारले आहे. शक्ती वाहण्याचे सगळे काम तेलाने करणाऱ्या चक्क्या आज आपल्या डोंगरांवर नाहीत. तुमच्याकडच्या चक्क्यांमध्ये गिअरबॉक्सला वंगण म्हणून आणि ब्रेकसाठी तेल असते, मोठ्या गिअरबॉक्समध्ये शेकडो लिटर. ओघळ बहुधा त्याचेच किंवा बेअरिंगच्या ग्रीसचे. हायड्रॉलिक प्रेषणाची चक्की आली तर तेल याहून जास्त असेल, हे खरे. म्हणून अशा यंत्रात खाली गळती साठवणारा हौद आणि निसर्गात विघटन होणारे तेल वापरावे, असा आग्रह रचनाकारांनी धरायला हवा आणि ग्रामस्थांनी विचारायलाही हवा. तुमचे पठार जांभ्याचे आहे. त्यातून पाणी लवकर झिरपते आणि कडेला झरे होऊन फुटते, त्यामुळे इथे सांडलेले तेल काळ्या मातीतल्यापेक्षा लवकर खाली जाऊ शकते.

काय करावे: ओघळांचे तारखेसह फोटो काढून कंपनीच्या साइट कार्यालयाला ग्रामपंचायतीमार्फत लेखी कळवा. झऱ्यावर तवंग किंवा वास आला तर ते पाणी गुरांना व माणसांना देणे लगेच थांबवा, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना द्या आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जिल्ह्यातल्या कार्यालयात तक्रार नोंदवा. पाण्यावरच्या इंद्रधनुषी तवंगाला काडी लावून पाहा: तुकडे होऊन तुटला तर तो बहुधा लोहाच्या जिवाणूंचा, पुन्हा जुळून आला तर तेलाचा. हा अंदाज आहे, निर्णय प्रयोगशाळेचा.

मी आखेनला द्रवशक्तीवर पदव्युत्तर शिक्षण घेतोय. आई-बाबांनी कर्ज काढलंय. इथे वाचताना दिसतं की पवनचक्कीत हायड्रॉलिक आणणारे सगळे हरले. ही वाट बंद आहे का? मी कर्ज बुडवतोय असं वाटून छातीत धडधडतं.
— एक विद्यार्थी, मुक्काम जर्मनी

धडधड रोज होत असेल, झोप जात असेल तर आधी विद्यापीठातल्या समुपदेशकाला भेटा. परदेशात एकट्याने हे ओझे वाहू नये, आणि ती मदत घेण्यात कमीपणा काही नाही.

आता इतिहास. तुम्ही वाचले ते खरे आहे, पण हरले कशात ते नीट पाहिले पाहिजे. १९८० मध्ये अमेरिकेत पाम स्प्रिंग्जजवळ सदर्न कॅलिफोर्निया एडिसनसाठी बेंडिक्स कंपनीने ३ मेगावॅटची हायड्रॉलिक चक्की उभी केली. तिने अपेक्षित काम दिले नाही आणि काही वर्षांत ती काढली गेली. त्या काळी एवढ्या आकाराच्या बहुतेक चक्क्या धड चालत नव्हत्या, दात्यांच्याही मोडल्या. नॉर्वेत ट्रॉन्डहाइमच्या चॅपड्राइव्ह कंपनीने लहान चक्क्यांवर हायड्रॉलिक प्रेषणाचे नमुने चालवून दाखवले, पण ते बाजारात टिकले नाही.

सर्वांत मोठा प्रयत्न स्कॉटलंडचा. तिथली गोष्ट मुळात वाऱ्याची नाही, लाटांची आहे. एडिंबरा विद्यापीठात स्टीफन सॉल्टर १९७० च्या दशकात समुद्राच्या लाटांपासून वीज काढायच्या मागे होते. लाट हळू येते आणि तिचा जोर अवाढव्य असतो, म्हणजे पवनचक्कीच्या मुख्य दांड्यासारखीच. साधे हायड्रॉलिक पंप कमी भारावर शक्ती खाऊन टाकत, ते सॉल्टर यांच्या गटाला परवडेना. त्यातून जो विचार निघाला तो मला आपल्या विषयातला गेल्या अर्धशतकातला सर्वांत सुंदर विचार वाटतो: पंपाच्या प्रत्येक सिलिंडरला संगणकाच्या हुकमावर उघडझाप करणारा व्हॉल्व्ह द्यायचा आणि दर फेऱ्याला प्रत्येक सिलिंडरला विचारायचे, तू आता काम करणार की विश्रांती घेणार? विश्रांती घेणाऱ्या सिलिंडरवर दाबच नसतो, त्यामुळे त्याची गळती आणि घर्षण जवळजवळ संपते. कराडच्या विद्यार्थिनीला मी अख्ख्या मोटर बंद ठेवायला सांगितले. इथे तेच एकेका सिलिंडरच्या पातळीवर, सेकंदाच्या अंशात होते. याला डिजिटल डिस्प्लेसमेंट (एका फेऱ्यात ढकलायचे तेल सुट्या मापांनी ठरवणे) म्हणतात.

हे तंत्र घेऊन १९९४ मध्ये आर्टेमिस इंटेलिजंट पॉवर ही कंपनी निघाली. २०१० मध्ये जपानच्या मित्सुबिशी हेवी इंडस्ट्रीजने ती विकत घेतली, २०१३ मध्ये योकोहामात २.४ मेगावॅटच्या चक्कीत हे प्रेषण बसवले आणि मग स्कॉटलंडमध्ये हंटरस्टनला ७ मेगावॅटची, १६७ मीटर व्यासाची चक्की उभारली. २०१५ मध्ये तिने वीज दिली. त्याच वर्षी तिची बहीण जपानच्या फुकुशिमा किनाऱ्यासमोर तरंगत्या पायावर उभी राहिली आणि आर्टेमिसला ब्रिटनचे मॅकरॉबर्ट पारितोषिकही मिळाले. फुकुशिमाची चक्की तांत्रिक अडचणींमुळे फारच कमी चालली आणि २०२० मध्ये उतरवली गेली. त्याआधीच, २०१४ मध्ये, मित्सुबिशीने वेस्टास कंपनीसोबत भागीदारी केली होती आणि त्या भागीदारीने विक्रीसाठी वेस्टासची दात्यांची चक्की निवडली होती.

म्हणजे पवनचक्कीपुरते बोलायचे तर आजवर बाजार दात्यांनी आणि चक्राला थेट जोडलेल्या जनरेटरने जिंकला आहे. मी तुम्हाला खोटी आशा देणार नाही. इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टर स्वस्त आणि भरवशाचे होत गेले. तेलाची त्यांच्याशी शर्यत होती, दात्यांशी नव्हे. पण आर्टेमिसचे तंत्र मेले नाही. डेन्मार्कच्या डॅनफॉसने ती कंपनी घेतली आणि आता ते पंप उत्खनन यंत्रांसारख्या फिरत्या यंत्रांसाठी विकले जातात, डिझेल वाचवण्यासाठी. शेजारच्या नेदरलँड्समध्येही जाऊन या. डेल्फ्टच्या गटाने २०१६ मध्ये रॉटरडॅमच्या बंदरपट्ट्यावर जुन्या चक्कीचा गिअरबॉक्स काढून तिथे हेग्लुंड्स कंपनीची हळू फिरणारी मोटर पंप म्हणून बसवली. त्यांची दृष्टी अशी, की समुद्रातल्या अनेक चक्क्यांनी दाबाखाली पाणीच पाठवावे आणि एकाच ठिकाणी पेल्टन चक्रावर (पाण्याच्या जोरदार धारेने फिरणाऱ्या चाकावर) वीज करावी. तीच पेल्टन चक्रे कोयनेला पोफळीच्या वीजगृहात आहेत, आणि हेग्लुंड्सच्या जातीच्या हायड्रॉलिक मोटर महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांत उसाच्या मिल फिरवतात.

कर्जाविषयी: कंपनी बघून शिकू नका, प्रश्न बघून शिका. कमी भारावर शक्ती का जाते, हा प्रश्न ज्याला हाताळता येतो त्याला पवनचक्की नसली तरी पोकलेन, ट्रॅक्टर, जहाजाची यारी, साखर कारखाना आहे.

माझ्याकडे ऊसतोडणी यंत्र आहे, हायड्रॉलिकचं काम स्वतः करतो. भंगारातल्या पोकलेनच्या चालीच्या मोटरला पंप म्हणून वापरून सहा मीटर व्यासाची पवनचक्की मळ्यात बनवतोय, विहिरीचं पाणी उपसायला. चाळीस हजार गेले. खांब उभा आहे, पाती चढवलीत. पण फिरवून पाहिलं तर तेल येतच नाही. बायको म्हणते बंद करा. काय चुकलं?
— एक वाचक, शिरोळ तालुका

हाताचे काम तुमचे नक्कीच पक्के असणार; चूक जोडणीत नाही, निवडीत आहे. पोकलेनच्या चालीची मोटर मिनिटाला हजार-दीड हजार फेऱ्यांसाठी बनवलेली असते. तुमचे चक्र सेकंदाला सहा मीटरच्या वाऱ्यात शंभर-सव्वाशे फेरे करेल. मोटरची आतली गळती फेऱ्यांवर ठरत नाही, दाबावर आणि झिजेवर ठरते. शंभर फेऱ्यांत ती जेवढे तेल ढकलते त्यातले बरेचसे आतल्या आतच परत गळते, म्हणून बाहेर काही दिसत नाही. जुन्या मोटरला तर फारच कमी दिसेल. हळू फिरणारी रेडियल पिस्टन मोटर (दांड्याभोवती पिस्टन चाकाच्या आऱ्यांसारखे मांडलेली) मिळाली तरच हे जमेल. आणि जमले तरी हिशेब पाहा: तेवढ्या वाऱ्यात तुमच्या पात्यांकडून साधारण एक किलोवॅट मिळेल, तेलातून जाऊन विहिरीपर्यंत त्याचा अर्धा पोचला तरी पुष्कळ. एवढ्या कामाला दांड्याने थेट चालणारा पाणी-पंप किंवा सौर पंप अधिक सरळ पडेल. चाळीस हजारांतले खांब-पाती त्यातही कामी येतील.

मला काळजी दुसऱ्याच गोष्टीची आहे. नळी फुटली किंवा तेल संपले की चक्रावरचा भार एकदम नाहीसा होतो आणि वारा त्याला सुसाट फिरवतो. तेलाचा दाब हा ब्रेक नव्हे. वळवाच्या वाऱ्यात असे सुटलेले पाते तुटले तर शेजारच्या शेतापर्यंत जाते. स्वतंत्र यांत्रिक ब्रेक आणि जोरात वारा आला की चक्राला आपोआप बाजूला वळवणारी शेपटी, या दोन्हींशिवाय चक्र मोकळे सोडू नका. खांब आणि त्याचा पाया संरचना अभियंत्याला (स्ट्रक्चरल इंजिनिअर) जागेवर दाखवा. ते येईपर्यंत पाती दोन बाजूंनी दोराने खांबाला बांधून ठेवा आणि खाली मुलांना खेळू देऊ नका.